पुतळाबाईची मार्केटिंगवाली

पौर्णिमाची नोकरी गेली आहे हे कडावात कुणाला कळता कामा नये, असं तिनं आईला बजावून ठेवलं होतं. आणि पुतळाबाईनं ते सगळ्या गावाला सांगून टाकलं.

लगेच नाही हं. सहा महिने बाईनं तोंडाला कुलूप लावलं होतं. लेक घरी कशी म्हणून कुणी विचारलं की सांगायची, "घरूनच काम करते, लॅपटॉपवर." आणि ते अगदीच खोटं नव्हतं. नोकरी करण्यापेक्षा नोकरी शोधायला जास्त राबावं लागतं, हे ज्याची गेली त्यालाच कळतं. सकाळी नऊला पौर्णिमा ओटीवर लॅपटॉप घेऊन बसायची ती दिवेलागणीपर्यंत. तोच बायोडाटा कुठं लांब करून पाठवायचा, कुठं आखूड. एक कंपनी म्हणाली अनुभव जास्त आहे, दुसरी म्हणाली कमी आहे. एकीनं सहा मुलाखती घेतल्या आणि सातव्यांदा पत्र आलं की आपला बायोडाटा आम्ही जपून ठेवू. जपून ठेवायला तो काय लग्नातला शालू होता? आणखी एका कंपनीनं तर ऐन दिवाळीत तिच्याकडून सबंध जाहिरातीचा आराखडा फुकटात करून घेतला आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. दारात आलेल्या कुत्र्याला माणूस निदान हाड तरी म्हणतो.

पौर्णिमा छत्तीस वर्षांची. मुंबईतल्या एका मसाले-सरबतवाल्या कंपनीत बारा वर्षं मार्केटिंगमध्ये होती. साधी मदतनीस म्हणून लागली आणि हाताखाली अकरा जणांची टीम येईपर्यंत चढली. कर्जत लोकलच्या वाटेवर शेलूला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची, लग्न केलं नव्हतं, त्याबद्दल विचारायचं आईनं कधीच सोडून दिलं होतं. मग जूनमध्ये कंपनी विकली गेली. नव्या मालकांकडे त्यांची मार्केटिंगची माणसं होती. कॉम्प्युटरवर एक मीटिंग झाली, अकरा मिनिटांची, आणि बारा वर्षं संपली.

शेलूचं घर सोडून ती दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन कडावला आली तेव्हा पुतळाबाईनं काय केलं असेल? काही नाही. रिक्षातून बॅगा उतरवताना बघितलं, फळीवरचे डबे एका बाजूला सरकवून जागा केली आणि विचारलं, "भाकरी करू का भात खाशील?" का आलीस, काय झालं, आता पुढं काय, एक शब्द नाही. पौर्णिमाला तेव्हा ते साधंच वाटलं. आपण दुःखात असलो की दुसऱ्याचं चांगलं वागणं आपल्या लक्षातच येत नाही.

या पुतळाबाईबद्दल आधी सांगायला हवं. बाई तीस वर्षं कर्जतच्या बाजारात भाजी विकायला बसली. नवरा लवकर गेला. घरात भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली नवऱ्याचा, आणि त्या तिघांच्या साक्षीनं पोरीला शिकवायचं एवढंच तिनं मनाशी धरलेलं. वैशाखी पौर्णिमेला झाली म्हणून पौर्णिमा. पुतळाबाई पहाटे टोपली घेऊन निघायची, दुपारी परत. आणि विकायची तिची एक तऱ्हा होती. शेजारच्या बाया ओरडायच्या, ताजी ताजी, गोड गोड, मावशी इकडं या. पुतळाबाई आपल्या मालाला कधी चांगलं म्हणाली नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, काकडी कडू नाही ना, की म्हणायची, "न्या. खाऊन बघा. नाय आवडली तर परत आना."

आणि लोक आणायचेही. अर्धी खाल्लेली काकडी आणायचे. बाई न बोलता दुसरी द्यायची. पौर्णिमा नवी नवी कंपनीत लागली तेव्हा तिनं आईला शिकवायला घेतलं होतं, की आई, असं नाही म्हणायचं, बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. आणि परत तर मुळीच घ्यायचं नाही, लोक फायदा घेतात. पुतळाबाई म्हणाली होती, "घेऊ दे की. परत आनलं तर आनलं. आपलंच हाय ना ते."

दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि बाजार सुटला. आता खाली बसली की हात दिल्याशिवाय उठता येत नव्हतं.

पौर्णिमाच्या बायोडाट्यात आईचा बाजार कुठंच नव्हता. ऑफिसात कुणी विचारलं, आई काय करते, तर ती सांगायची, आई शेतमालाच्या व्यवसायात आहे. ऐकणाऱ्याला वाटायचं, द्राक्षं परदेशी पाठवत असतील. तिला लाज वाटायची असं नाही. पण वाटायची. आपण उगाच कशाला झाकायचं.

तर जानेवारीत इंदूरहून पत्र आलं. एका कंपनीत जागा होती, बारा वर्षांपूर्वी ती जिथं होती त्याच्या जेमतेम एक पायरी वर. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं. आई म्हणाली, "जा." तू चल म्हटलं तर म्हणाली, "मी काय करू तिथं? मला कोन ओळखतंय?" पौर्णिमानं मान हलवली आणि रात्रभर तिला आईचे गुडघे दिसत राहिले. जायचं तर आई एकटी. न जायचं तर आणखी किती महिने लॅपटॉपपुढं बसायचं? आणि खरी गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. तिला आता वाटायला लागलं होतं की आपल्याला काही येतच नाही. बारा वर्षं लोकांनी चुकून पगार दिला.

पुतळाबाईनं कुलूप काढलं ते त्या पत्रानंतर. दुकानात सांगितलं, विहारात सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, वाल न्यायला आलेल्या ओळखीतल्या शुक्रालाही सांगितलं, की आमची पौर्णिमा घरी बसलीया, मार्केटिंग करते ती, कुठं असलं तर कळवा.

पौर्णिमा तडकली. "आई, झाकली मूठ सव्वा लाखाची असते, कळतं का तुला?"

"मूठ झाकलीस तर आतला माल दिसंल कसा गं?" पुतळाबाई म्हणाली आणि वाल सोलत राहिली.

पौर्णिमा पुन्हा लॅपटॉपपुढं जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी शुक्रा परत आला. खालापूरच्या अलीकडे, चौक गावच्या बाजूला एक रिसॉर्ट आहे, तिथं तो बागकाम करायचा. म्हणाला, "ताई, आमच्याकडं मार्केटिंगला मानूस पायजे. पहिला सदू सोडून गेला. उद्या अकराला बोलावलंय तुला."

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण पौर्णिमाची तयारी तरी होती. तिनं रिसॉर्टची वेबसाइट धुंडाळली. मुंबईच्या लोकांना खेड्यातलं अस्सल जीवन दाखवू असं तिथं इंग्रजीत लिहिलं होतं आणि खाली लोकांनी लिहिलं होतं की तलाव छान आहे, जेवण कुठंही मिळतं तसं. तिनं बावीस पानांचं सादरीकरण बनवलं. हा सदू कोण, त्यानं काय काय चुका केल्या असतील, याचाही अंदाज बांधला. इस्त्रीचा कुर्ता घातला. आईनं हातावर दही ठेवलं.

फाटकावरच्या माणसानं विचारलं, "कशासाठी?"

"मार्केटिंगच्या मुलाखतीला."

"मार्केटिंगवाले मागच्या दारानं," तो म्हणाला.

मागं ऑफिस असेल म्हणून ती गेली. मागं होतं स्वयंपाकघर. अंगणात कांद्यांची पोती, पाण्याचे पिंप, आणि एका उलट्या क्रेटवर पन्नाशीचा एक जाडजूड गृहस्थ बसलेला, खांद्यावर टॉवेल. हे काळूराम, रिसॉर्टचे मुख्य आचारी. त्यांनी तिला समोरच्या क्रेटवर बसायला सांगितलं. आजकालच्या कंपन्या असंच काहीतरी मोकळंढाकळं करतात म्हणून पौर्णिमा बसली.

"अनुभव किती?"

"बारा वर्षं."

"कुठं कुठं?"

"मुख्य म्हणजे महाराष्ट्र आणि गुजरात. पण शेवटी शेवटी सगळा देश बघत होते."

काळूरामांनी टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "सगळा देश," ते म्हणाले. "आनि आनायचं कसं?"

"टीम होती ना. अकरा जण."

"अकरा हमाल," काळूराम स्वतःशीच म्हणाले. त्यांना बाईबद्दल आदर वाटायला लागला होता. "पहाटे किती वाजता उठता?"

काम आणि घर यांचा मेळ कसा घालता, असा हा प्रश्न असतो, पौर्णिमानं ओळखलं. "गरज पडली तर कितीही वाजता. घड्याळ बघून मी काम करत नाही."

"वा." काळूराम आत गेले आणि दोन दुधी भोपळे आणून तिच्यापुढं ठेवले. "यातला कुठला घ्याल?"

आता हा नमुनेदार प्रश्न होता. बाजारात सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू, गिऱ्हाईक एक का निवडतं? पौर्णिमानं घसा साफ केला आणि सुरुवात केली, की आधी आपलं गिऱ्हाईक कोण ते बघायला हवं. एवढं बोलेपर्यंत तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्यानं आपलं आपण दोन्ही दुधींना नख लावून बघितलं होतं. एकात रुतलं, दुसऱ्यात नाही.

"हा," ती बोलता बोलता थांबून म्हणाली. "तो जून आहे. आत बिया निघतील."

काळूरामांनी मग वालाच्या मूठभर शेंगा तिच्या ओंजळीत टाकल्या. तिनं एक शेंग कानाशी नेऊन हलवली. लहानपणी आईच्या टोपलीशेजारी बसून हजार वेळा केलेलं. "वाजतेय," ती म्हणाली. "वाळत आलीय. आणि ह्या आपल्याकडच्या नाहीत. बाहेरून आल्यात."

"वाशीहून," काळूराम म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "कुनी वळखलं नसतं. उद्यापासून या. पहाटे पाचला टेंपो निघतो. आधी कांदे-बटाटे, मग पालेभाजी, मग..."

पौर्णिमानं हातातल्या शेंगांकडे बघितलं. मग पोत्यांकडे. मग मागच्या दाराकडे.

"काका," ती म्हणाली, "मार्केटिंग म्हणजे तुम्ही नेमकं काय म्हणताय?"

"मार्केटिंग म्हंजे बाजार करनं," काळूराम म्हणाले. "दुसरं काय असतं?"

ती हसायला लागली. आधी ओठ दाबून, मग पोटातून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या पाण्यातलं हसण्याचं किती आणि सात महिन्यांचं किती, ते तिलाही सांगता आलं नसतं. काळूराम बिचारे घाबरले. तिनं मग त्यांना बॅगेतला लॅपटॉप दाखवला, बावीस पानं दाखवली, आपण काय करायचो ते सांगितलं. ते ऐकत राहिले आणि शेवटी हात जोडले. "माफ करा बाई. त्या शुक्राला मीच सांगितलं व्हतं. तुमी एवढ्या शिकलेल्या, आनि मी दुधी दाखवला."

"दुधीचं काही नाही हो," पौर्णिमा म्हणाली.

"जेवल्याशिवाय जायचं नाय," काळूरामांनी फर्मान काढलं आणि क्रेटवरच ताट मांडलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कांदा. पाहुण्यांच्या थाळीत हे नसतं, ते म्हणाले, हे आमचं आम्ही करतो. वेबसाइटवर लोक ज्याबद्दल तक्रार करत होते त्या जेवणाचा आणि या ताटाचा काही संबंध नव्हता. पौर्णिमानं दोन भाकऱ्या खाल्ल्या.

जेवताना एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. उद्यापासून या. सात महिन्यांत कितीतरी साहेबांचं तिच्याशी गोड बोलून झालं होतं, पण हे वाक्य कुणाच्या तोंडून आलं नव्हतं. आलं ते या जाडजूड माणसाच्या तोंडून, एका दुधीवरून. तिला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

"सदू गेला मग आता आणतं कोण?" तिनं विचारलं.

"तेच तर," काळूराम म्हणाले. रविवारी मुंबईहून दोन बस भरून माणसं येणार होती, शंभर-सव्वाशे, आणि त्यांना पोपटी हवी होती. आता पोपटी म्हणजे काय, हे कर्जत-खालापूरच्या माणसाला सांगायची गरज नाही. इतरांसाठी सांगायचं तर मडक्यात भांबुर्डी या वासाच्या रानझुडपाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, कोंबडी, वर पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. म्हणजे सगळी भिस्त शेंगेवर. आणि वाशीची वाळकी शेंग मडक्यात घातली की ती शिजत नाही, नुसती तडतडते.

"मी आणते," पौर्णिमाच्या तोंडून गेलं. "रविवारपुरतं. मी आणि माझी आई."

घरी येईपर्यंत तिनं आईला झापायचं ठरवलं होतं. दारातच म्हणाली, "आई, मार्केटिंग म्हणजे बाजार करणं नव्हे गं."

पुतळाबाईनं वर बघितलं. "मग बारा वर्षं काय करत व्हतीस?"

"लोकांना पटवून द्यायचं असतं, की आमचा माल चांगला आहे. कुणाला काय लागतं ते ओळखायचं. मग माल खपतो."

"ते तर मीबी करत व्हते," पुतळाबाई म्हणाली. "मला वाटलं, पोरगी माझंच काम करते, पन खुर्चीत बसून. म्हनून तर सगळ्यांना सांगितलं."

अभिमानानं सांगितलं होतं बाईनं. बारा वर्षं तिला वाटत होतं की लेक आपल्या पावलावर पाऊल ठेवून चालली आहे. आणि लेक बारा वर्षं त्या पावलांवर माती ओढत होती. पौर्णिमा झापायचं विसरली आणि आईशेजारी वाल सोलायला बसली.

शनिवारी सकाळी रिसॉर्टचा टेंपो कडावात आला. पुतळाबाईला ड्रायव्हरशेजारी चढवायला तिघं लागले, पण एकदा चढली आणि बाईच्या अंगात जुनं वारं शिरलं. "वाशीला कशाला मरायला जायचं? कोंडाण्याकडं घे," ती ड्रायव्हरला म्हणाली.

कर्जतजवळच्या कोंडाणे गावात डोंगराच्या पायथ्याशी मोतीबाईचं शेत होतं. भात काढून झाल्यावर त्याच ओलीवर वाल टाकलेला, शेंगांनी लगडलेला. मोतीबाई खरं तर शेंगा कर्जतला नेणार होती. पण टेंपोत कोण बसलंय ते बघितलं आणि कमरेचा पदर सोडून पुढं आली. "पुतळाबाय, तू? अगं, पयल्यांदा बाजारात आले तवा मला कोन बसू देत नव्हतं. तू तुझं अर्धं पोतं दिलंस बसायला."

"जागा काय बापाची व्हती माझ्या?" पुतळाबाई म्हणाली. "शेंगा दाव."

पौर्णिमा, मोतीबाई आणि तिच्या दोन सुना दुपारपर्यंत शेंगा तोडत होत्या. पुतळाबाई टेंपोतून न उतरता टोपली टोपली मांडीवर घ्यायची, मूठ कानाशी हलवायची आणि वाजली ती बाजूला टाकायची. भांबुर्डीचा पाला बांधावरच होता. पौर्णिमाचा इस्त्रीचा कुर्ता पाल्याच्या वासानं भरून गेला. उन्हात वाकून तिची कंबर धरली आणि कितीतरी महिन्यांनी तिला कडकडून भूक लागली. उरलेलं मोतीबाईनं शेजारच्या दोन शेतांवरून मिळवून दिलं. टेंपो भरला.

रविवारी ऊन उतरल्यावर रिसॉर्टच्या माळावर पंधरा मडकी लागली. तासाभरानं काळूरामांनी पहिलं मडकं उघडलं आणि असा वास सुटला की तलावाकडे फोटो काढत बसलेली माणसं उठून आली. शेंगा सोलून खायच्या असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकानं सालीसकट चावली आणि विचारलं, "ही कुठून येते?"

काळूरामांनी पौर्णिमाकडे बोट केलं. "मार्केटिंगला विचारा."

पौर्णिमा पुढं झाली. बावीस पानांतलं एकही पान तिला आठवलं नाही. "तो डोंगर दिसतोय ना, त्याच्या पलीकडे मोतीबाईचं शेत आहे," ती म्हणाली. "काल दुपारी तोडल्यात. भाताच्या ओलीवर येतात, वेगळं पाणी लागत नाही. एखादी किडकी निघेल, ती टाका आणि दुसरी घ्या."

लोक हसले. एक बाई म्हणाली, किडकी निघेल हे सांगणारी तुम्ही पहिलीच. मग ती बाई मोतीबाईबद्दल विचारत बसली, मग दुसरी आली, आणि निघायच्या वेळी बसमधल्या निम्म्या लोकांना घरी न्यायला कच्च्या शेंगा हव्या होत्या. होत्या नव्हत्या तेवढ्या संपल्या. एकानं पुढच्या शनिवारची खोली मागितली, सासू-सासऱ्यांना आणतो म्हणाला.

हे सगळं रिसॉर्टची मालकीण सुरभी लांबून बघत होती. तिशीची मुलगी, वडिलांची जमीन हातात आली म्हणून रिसॉर्ट काढलेलं, आणि पाहुणा दुसऱ्यांदा का येत नाही म्हणून हैराण झालेली. ती जवळ आली. "तुम्ही आधी काय करत होता?"

"मार्केटिंग."

"ते काळूकाकांनी सांगितलं. पण कुठलं?"

"आता दोन्ही," पौर्णिमा म्हणाली.

सोमवारी सुरभीनं तिला पुढच्या दारानं बोलावलं. त्या बावीस पानांतली वीस पानं बाजूला ठेवून दोघी दुपारभर बोलल्या. भाजी वाशीहून आणायची नाही, कडाव-कोंडाण्यातून आणायची, काळूरामांचं घरचं जेवण पाहुण्यांच्या ताटात आणायचं, आणि ते कुणाच्या शेतातलं आहे ते सांगायचं. आणायचंही पौर्णिमानं, सांगायचंही तिनंच. पगार इंदूरइतका. सुरभी नियमानं वागणारी. म्हणाली, "मला तर पटलंय, पण फॉर्म भरून द्या. तुमच्या कामाबद्दल सांगेल अशा एका माणसाचं नाव लागेल. त्यांच्याशी मी बोलते नेहमी."

ही जागा पौर्णिमाला प्रत्येक अर्जात छळायची. जुने साहेब स्वतःच नोकरी शोधत होते, त्यांना कुणाकुणाचे फोन घ्यायला लावायचे? आज तिनं पेन उचललं आणि लिहिलं: पुतळाबाई. तीस वर्षे मार्केटिंग, कर्जत बाजार. पुढच्या रकान्यात नातं विचारलं होतं. तिथं लिहिलं: आई. तिचे डोळे भरून आले, पण अक्षर चांगलं आलं.

मंगळवारी सकाळी पुतळाबाई ओटीवर पाय पसरून बसली होती, समोर सुपात वाल. फोन वाजला. पौर्णिमानं नंबर बघितला आणि फोन आईच्या हातात दिला. "माझ्याबद्दल विचारतील. जे आहे ते सांग."

"म्या काय सांगू?"

"तुझं तू."

इंदूरच्या पत्राला उत्तर द्यायचा तो शेवटचा दिवस होता. पौर्णिमा खांबाला धरून उभी राहिली.

"हां, बोला," पुतळाबाई म्हणाली. "हां, मीच. हाय, माझीच पोरगी... कामाला?"

तिनं पौर्णिमाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. उन्हानं काळवंडलेला चेहरा, शेंगा तोडून चिरलेली बोटं. पौर्णिमाला वाटलं, आता तरी ही कौतुक करेल. जगातली कुठलीही आई अशा वेळी चार शब्द चढवूनच बोलेल. आणि आईच्या चेहऱ्यावर बाजारातला तो जुना शांतपणा आला तेव्हा तिला कळलं की ही काय बोलणार आहे. सात महिन्यांपूर्वी दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन आपण याच ओटीवर उभ्या होतो आणि हिनं काही न विचारता फळीवरचे डबे का सरकवले होते, हेही तिला त्याच वेळी कळलं.

"न्या," पुतळाबाई फोनमध्ये म्हणाली. "काम करून बघा. नाय आवडली तर परत आना. माझीच हाय."